संख्याशास्त्राच्या अभ्यासांत संगणकाचा उपयोग

गणिताच्या इतर शाखा आणि संख्याशास्त्र यांत एक मोठा भेद आहे. तो विद्यार्थ्यांच्या लक्षांत आरंभींच आणून दिला नाहीं, तर पुढील सर्व अभ्यास पाठांतराचा होऊन बसतो. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन होते, असें भूमितींत एकदां सिद्ध केलें म्हणजे पाटीवर काढलेल्या कोणत्याहि त्रिकोणावर तें ताडून पाहतां येतें. संख्याशास्त्रांतील सिद्धांतांची गोष्ट तशी नाहीं. ते एका नमुन्याविषयीं बोलत नाहींत. तसेच नमुने पुनःपुनः, हजारों वेळां काढले असतां काय घडेल, याविषयीं बोलतात. परंतु विद्यार्थ्यापुढें पुस्तकांत एकच नमुना मांडलेला असतो: पंचवीस मुलांचे गुण, किंवा तीस दिवसांचा पाऊस. जें हजार वेळां घडावयाचें, तें त्यानें एकदांहि घडतांना पाहिलेलें नसतें. मग तो सूत्र पाठ करतो, परीक्षेंत उत्तर बरोबर काढतो, आणि त्या सूत्राचा अर्थ काय असें विचारलें असतां गप्प बसतो.

ही अडचण दूर करण्याचें एक चांगलें साधन आज आपल्या हातीं आलें आहे. तें म्हणजे संगणक, आणि त्यास आज्ञा देण्याची भाषा. एकच काम न कंटाळतां दहा हजार वेळां करणें हा या यंत्राचा स्वभाव आहे, व संख्याशास्त्र शिकणाऱ्यास नेमकी त्याचीच गरज असते. या लेखांत आम्ही तीन लहान धडे देणार आहों. ते वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं करून पाहावेत व पालकांनींहि वाचावेत, अशी आमची इच्छा आहे. कारण आपलें मूल यंत्रापुढें बसून नेमकें काय करतें, हें पालकांस कळलें पाहिजे.

हातानें केलेले प्रयोग

मुळांत ही युक्ति नवी नव्हे. संगणकाचा जन्म होण्यापूर्वींहि विचारी लोकांस ही अडचण जाणवली होती, व त्यांनीं ती स्वतःच्या हातांनीं दूर केली. डब्लिन येथील गिनेस यांच्या बिअरच्या कारखान्यांत विल्यम सीली गॉसेट नांवाचे एक गृहस्थ नोकरीस होते. तेथें मालाची परीक्षा पुष्कळदां चार-पांच मापांवरूनच करावी लागे. आणि त्या काळचीं सूत्रें तर मोठ्या नमुन्यांसाठीं केलेलीं होतीं. इतक्या थोड्या मापांच्या सरासरीवर भरंवसा किती ठेवावा, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनीं गणितानें एक उत्तर काढलें, परंतु केवळ त्यावरच ते विसंबले नाहींत. तीन हजार गुन्हेगारांची उंची व डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांचीं मापें पूर्वीं प्रसिद्ध झालेलीं होतीं. तीं त्यांनीं ३,००० पत्त्यांवर लिहिलीं, पत्ते चांगले पिसले, एकेक उचलून क्रमानें उतरून घेतले, आणि चार-चार मापांचे ७५० नमुने केले. प्रत्येक नमुन्याचें गणित वेगळें करून त्यांनीं तें आपल्या सूत्राशीं ताडून पाहिलें. हा निबंध १९०८ सालीं ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकांत ‘स्टुडंट’, म्हणजे विद्यार्थी, या टोपणनांवानें प्रसिद्ध झाला. त्यांच्या सिद्धतेंत जो भाग अनुमानावर उभा होता, तो पुढें रोनाल्ड फिशर यांनीं पक्का केला; परंतु पत्त्यांनीं आपला कौल आधींच दिलेला होता.

दुसरें उदाहरण याहूनहि चमत्कारिक आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४० सालीं, जर्मन सैन्य डेन्मार्कमध्यें शिरलें, तेव्हां दक्षिण आफ्रिकेंतील जॉन केरिच नांवाचे गणिताचे अध्यापक तेथें अडकून पडले. स्थानबद्ध असतां त्यांनीं एक नाणें १०,००० वेळां उडविलें, आणि प्रत्येक वेळचा निकाल लिहून ठेविला. छापा पडला तो ५,०६७ वेळां. या आंकड्यांकडे आपण पुढें पुन्हां वळूं.

आर नांवाची भाषा

जें काम गॉसेट यांस पत्ते पिसून व केरिच यांस नाणें उडवून करावें लागलें, तें आज संगणक एका क्षणांत करतो. त्यासाठीं अनेक भाषा उपयोगी पडतात. पायथन ही त्यांपैकीं एक. परंतु संख्याशास्त्रासाठींच मुद्दाम घडविलेली भाषा म्हणजे ‘आर’ होय. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जॉन चेंबर्स व त्यांचे सहकारी यांनीं १९७६ च्या सुमारास ‘एस’ नांवाची एक भाषा तयार केली होती. तिच्याच धर्तीवर न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन या दोघां अध्यापकांनीं नवी भाषा रचली. दोघांच्याहि नांवाचें आद्याक्षर एकच, म्हणून ‘आर’ हें नांव. शिवाय ‘एस’च्या अलीकडचें अक्षर हा त्यांतील विनोद. तिची १.०.० ही आवृत्ति २९ फेब्रुवारी २००० रोजीं निघाली. ही भाषा कोणासहि विनामूल्य घेतां येते, साध्या संगणकावर चालते, आणि तिची अंतर्रचना उघडी असल्यामुळें जाणत्यास ती तपासतांहि येते. गरीब शाळेस ही सोय लहान नव्हे.

तिच्यांतील आज्ञा रोमन अक्षरांत लिहाव्या लागतात. परंतु आमच्या तीन धड्यांस त्यांपैकीं पांच पुरेशा आहेत. ‘सॅम्पल’ म्हणजे नमुना काढ. ‘मीन’ म्हणजे सरासरी सांग. ‘व्हार’ म्हणजे प्रचरण सांग. ‘रेप्लिकेट’ म्हणजे हेंच काम इतक्या वेळां पुन्हां कर. आणि ‘हिस्ट’ म्हणजे आयतालेख काढून दाखव. ज्यास इंग्रजी वाचतां येतें व चिन्हें नेमकीं लिहिण्याची संवय आहे, त्यास हें एका बैठकींत साधतें.

पहिला धडा : नाणेफेक

शंभर वेळां नाणें उडविलें तर छापा किती वेळां पडेल? बहुतेक विद्यार्थी ‘पन्नास’ असें उत्तर देतात. आतां यंत्रास सांगावें कीं, शंभर फेकी कर, छापे मोज, आणि हेंच हजार वेळां कर. पडद्यावर हजार आंकडे येतील; त्यांत ४६ असेल, ५३ असेल, क्वचित् ३८ हि असेल. बरोबर पन्नास हा आंकडा हजारांत सुमारें ऐशीं वेळांच दिसेल. परंतु ४० पासून ६० पर्यंतचे आंकडे मोजले, तर ते हजारांपैकीं सुमारें ९६५ भरतील. ‘पन्नास’ हें उत्तर अपुरें आहे. ‘पन्नास, व दोन्ही बाजूंस सुमारें दहांचा पल्ला’ हें शास्त्राचें उत्तर होय. आंकड्याबरोबर त्याचा पल्ला सांगणें, हाच संख्याशास्त्राचा पहिला संस्कार.

आतां केरिच यांच्या आंकड्यांकडे पाहूं. त्यांच्या पहिल्या १०० फेकींत ४४ छापे पडले, म्हणजे अर्ध्याहून ६ कमी. सर्व १०,००० फेकींत ५,०६७ पडले, म्हणजे अर्ध्याहून ६७ अधिक. फेकी वाढविल्या तशी अर्ध्यापासूनची तफावत घटली, कीं वाढली? मोजून पाहिली तर ती ६ वरून ६७ झाली, म्हणजे वाढली; पण शेंकड्यांत पाहिली तर ६ वरून ०.६७ वर आली, म्हणजे घटली. दोन्ही विधानें खरीं आहेत. फेकी शंभरपट केल्या असतां तफावतीचा साधारण पल्ला दहापट होतो. परंतु त्यास शंभरपट मोठ्या संख्येनें भागावयाचें असल्यामुळें प्रमाण दहाव्या हिश्शावर येतें.

पुष्कळ शहाणीं माणसें येथेंच फसतात. सलग पांच वेळां छापा पडला म्हणजे आतां काटा पडलाच पाहिजे, कारण शेवटीं हिशेब सारखा व्हावयाचा आहे, असें त्यांस वाटतें. यंत्राकडून १०,००० फेकी करून घ्याव्या, जेथें जेथें सलग पांच छापे आले तीं ठिकाणें शोधावीं, व पुढची सहावी फेक पाहावी. अशीं सुमारें तीनशें ठिकाणें सांपडतील, आणि त्यांपैकीं जवळजवळ निम्म्या ठिकाणीं सहावी फेकहि छापाच असेल. नाण्यास आठवण नसते. मागील छाप्यांची भरपाई तें करीत नाहीं. पुढील हजारों फेकींच्या ढिगांत ते छापे केवळ बुडून जातात. आंकड्यांच्या जुगारापायीं ‘हा आंकडा फार दिवसांत आला नाहीं, आतां येईलच’ असें म्हणून ज्यांनीं घरची मिळकत घालविली, त्यांच्या तर्काचें मूळ याच एका भ्रमांत असतें. हा भ्रम उपदेशानें जितका जात नाहीं, तितका स्वतः मोजल्यानें जातो.

दुसरा धडा : एक वजा कां?

वर्गांत नेहमीं येणारा एक प्रश्न घेऊं. २, ४, ६ या तीन संख्यांचें प्रचरण काढावयाचें आहे. सरासरी ४, सरासरीपासून विचलनें –२, ०, २, त्यांचे वर्ग ४, ०, ४, बेरीज ८. तीननें भागिलें, उत्तर २ पूर्णांक दोन तृतीयांश. आतां हाच प्रश्न यंत्रास ‘व्हार’ या आज्ञेनें घातला, तर तें ४ असें उत्तर देतें. चुकलें कोण? कोणीच नाहीं. यंत्रानें ८ ला तीनऐवजीं दोननें, म्हणजे संख्यांच्या गणतींतून एक वजा करून, भागिलें. तें असें कां करतें, हें समजून घेणें हाच हा धडा.

२, ४, ६ हीच आपली संपूर्ण समष्टि आहे असें समजूं. तिचें खरें प्रचरण २ पूर्णांक दोन तृतीयांश. या संख्या तीन चिठ्ठ्यांवर लिहून टोपींत टाकाव्या. एक चिठ्ठी काढावी, वाचून परत टाकावी, आणि पुन्हां एक काढावी. हा दोघांचा नमुना झाला. असे नमुने एकंदर नऊ प्रकारांनीं निघूं शकतात. प्रत्येक नमुन्याचें प्रचरण त्याच्याच सरासरीवरून, दोननें भागून, काढूं. दोन्ही संख्या सारख्या असलेले नमुने तीन. त्यांचें प्रचरण ०. शेजारच्या दोन संख्या असलेले चार, त्यांचें १. दोन आणि सहा असलेले दोन, त्यांचें ४. सर्वांची बेरीज १२; नऊ नमुन्यांनीं भागिलें तर सरासरी एक पूर्णांक एक तृतीयांश. ही खऱ्या प्रचरणाच्या बरोबर निम्मी आहे! याउलट दोनऐवजीं दोन वजा एक, म्हणजे एकनें भागिलें असतें, तर प्रत्येक उत्तर दुप्पट होऊन सरासरी २ पूर्णांक दोन तृतीयांश, म्हणजे अगदीं खरी आली असती.

याचें कारणहि सोपें आहे. समष्टीची खरी सरासरी आपणांस ठाऊक नसते, म्हणून विचलनें आपण नमुन्याच्याच सरासरीपासून मोजतों. परंतु ती सरासरी त्या नमुन्याच्या अगदीं मध्यावर बसलेली असते. तिच्यापासून मोजलेल्या वर्गांची बेरीज दुसऱ्या कोणत्याहि बिंदूपासून मोजलेल्या बेरजेहून कमीच भरते. म्हणजे आपलें माप आंखूड पडतें, व एकनें लहान भाजक घेऊन ती उणीव भरून काढावी लागते. संपूर्ण समष्टि हातीं असेल तर उणीव नाहीं. तेथें पूर्ण गणतीनें भागणेंच योग्य. नऊ नमुन्यांचें हें काम हातानें होतें. शंभर संख्यांच्या समष्टींतून पांचांचे दहा हजार नमुने काढावयाचे असले, म्हणजे यंत्राचें साहाय्य घ्यावें. निकाल तोच येतो, आणि हातानें आधीं केलेलें असल्यामुळें तो कां येतो हेंहि कळतें.

तिसरा धडा : फाशांची सरासरी

एक फासा दहा हजार वेळां टाकावा. १ पासून ६ पर्यंतचे सर्व अंक जवळजवळ सारख्याच वेळां येतील. आयतालेख सपाट दिसेल. आतां दोन फासे टाकून त्यांची सरासरी घ्यावी. एकूण ३६ प्रकारांपैकीं सरासरी १ येण्याचा प्रकार एकच, पण साडेतीन येण्याचे प्रकार सहा. म्हणून आयतालेख घराच्या उतरत्या छपरासारखा होईल. सोळा फाशांची सरासरी घेतली, तर तोच आयतालेख घंटेच्या आकाराचा दिसूं लागेल. मूळ फाशांत घंटेचा मागमूस नव्हता. ती सरासरी घेण्याच्या क्रियेंतून उत्पन्न झाली. पाठ्यपुस्तकांतील मध्यवर्ती सीमा सिद्धांत म्हणतात तो हाच. त्याची सिद्धता वरच्या वर्गांत कठीण पडते. परंतु जो विद्यार्थी हें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उमटतांना पाहतो, त्यास ती सिद्धता पुढें ओळखीची वाटते.

येथें एक माप लक्षांत ठेवावें. एका फाशाचें प्रमाण विचलन सुमारें १.७१. चार फाशांच्या सरासरीचें त्याच्या निम्मे, म्हणजे ०.८५; सोळांच्या सरासरीचें चौथाई, म्हणजे ०.४३. चूक निम्मी करावयाची तर श्रम चौपट करावे लागतात. निवडणुकीचे अंदाज, पिकांची पाहणी, औषधांच्या परीक्षा, या सर्वांचा खर्च याच नियमानें ठरतो.

यंत्र काय सांगूं शकत नाहीं

मग नमुना पुरेसा मोठा केला म्हणजे झालें काय? नाहीं, आणि हें शिकवावयास आपल्याच प्रांताचें एक उदाहरण आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ सालीं सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं झाला. लंडन येथें संख्याशास्त्राचें उच्च शिक्षण घेऊन आल्यावर त्यांनीं शेतांतील पिकाचा अंदाज नमुन्यांवरून कसा बांधावा, याचा कसून अभ्यास केला. शेतांत यदृच्छेनें निवडलेला लहानसा तुकडा कापून त्यांतील धान्य तोलावयाचें, अशी ती रीत. सुखात्मे यांनीं १९४६ सालीं असें दाखवून दिलें कीं, तुकडा फारच लहान घेतला तर पीक खऱ्याहून अधिक भरतें. कारण सीमेच्या रेघेवरचीं रोपें बाहेर टाकण्यापेक्षां आंत धरण्याकडेच कापणाऱ्याचा हात वळतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानानें सीमा मोठी, आणि तितकी ही चूक मोठी. असे दहा तुकडे कापा कीं दहा हजार कापा. प्रत्येकांत चूक एकाच बाजूस होत असेल, तर सरासरीनें ती नाहींशी होत नाहीं. उलट आंकडे पुष्कळ असल्यामुळें चुकीच्या उत्तरावर आपला भरंवसा मात्र वाढतो.

संगणक हा दोष स्वतः होऊन सांगणार नाहीं. त्यास जे आंकडे द्यावे, त्यांची सरासरी तो अनेक दशांश स्थळांपर्यंत निमूटपणें काढून देतो. आंकडे कोठून आले, कोणी मोजले, मोजतांना हात कोणीकडे वळला, हें विचारणें माणसाचें काम आहे.

दुसरी मर्यादा अशी कीं, प्रयोग म्हणजे सिद्धता नव्हे. दहा हजार वेळां एक गोष्ट घडलेली पाहिली म्हणजे ती खरी असावी असें वाटूं लागतें. ती खरीच कां असली पाहिजे, हें गणितच सांगतें. यंत्राच्या फेकीहि खऱ्या फेकी नव्हेत. त्या एका ठराविक गणिती रीतीनें निघालेल्या संख्या असतात. आरंभींचा अंक सारखा दिला तर पुढील सर्व फेकी पुन्हां त्याच क्रमानें येतात. मात्र यांत शिक्षकाची सोय आहे, कारण सर्व वर्गास एकच नमुना देऊन उत्तरें ताडून पाहतां येतात.

पालकांस दोन शब्द

यंत्र हातीं दिलें तर मुलाची बुद्धि आळशी होईल, अशी शंका पुष्कळ पालक घेतात. ती निराधार नाहीं. आतां तर असेहि प्रोग्रॅम निघाले आहेत कीं, साध्या भाषेंत प्रश्न लिहिला म्हणजे तेच आज्ञा लिहितात व उत्तरहि मांडतात. जो विद्यार्थी तें उत्तर वहींत उतरवून घेईल, तो कांहींच शिकणार नाहीं. म्हणून आम्ही एक क्रम सुचवितों, व घरींहि तो पाळला जावा अशी विनंती करतों. आधीं आपला अंदाज शाईनें वहींत लिहावा. मग लहान उदाहरण हातानें सोडवावें. त्यानंतर यंत्र चालवावें. शेवटीं अंदाज व निकाल यांत अंतर कां पडलें, हें स्वतःच्या शब्दांत दोन ओळींत लिहावें. चुकलेला अंदाज खोडूं नये. गॉसेट यांनींहि आपलें सूत्र पत्त्यांशीं ताडून पाहिलें. सूत्र चुकतें तर पत्त्यांनीं तें उघडें पाडलें असतें. आपल्या मतास असें परीक्षेस बसविण्याची संवय ज्या मुलास लागली, त्याची बुद्धि यंत्रानें मंद होणार नाहीं.

ज्या घरीं संगणक नाहीं तेथील मुलांनींहि खिन्न होऊं नये. नाणें, फासा, व जुन्या वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या एवढ्या सामग्रीवर वरील प्रत्येक धड्याचा आरंभ होतो. चौघां मित्रांनीं मिळून पन्नास-पन्नास फेकी केल्या, तरी दोनशें होतात.

सुटींत करावयाचा अभ्यास

१. शंभर फेकी मनांतल्या मनांत कल्पून छापा-काटा असें लिहा. मग खऱ्या शंभर फेकी करून त्या शेजारीं लिहा. दोहोंत सर्वांत लांब सलग छाप्यांची रांग किती, तें मोजा. कोणती यादी कल्पित हें मित्रास न सांगतां ओळखावयास लावा.

२. १, ३, ८ या समष्टींतून, चिठ्ठी परत टाकून, दोघांचे सर्व नऊ नमुने काढा. दोननें व एकनें भागून आलेल्या प्रचरणांच्या सरासऱ्या समष्टीच्या प्रचरणाशीं ताडून पाहा.

३. चार फाशांची सरासरी पन्नास वेळां काढून हातानें आयतालेख काढा. संगणक मिळाल्यास तेंच दहा हजार वेळां करा, व दोन्ही आकृति एकाच पानावर चिकटवा.

४. वर्गांतील मुलांस ‘तुम्ही रोज किती वेळ अभ्यास करतां?’ असें विचारून सरासरी काढली, तर उत्तर कोणत्या बाजूस झुकेल? सगळ्या शाळेस विचारल्यानें तो झोंक जाईल काय? कारणासहित लिहा.

शाळा उघडल्यावर ज्यांच्या वह्यांत चुकलेले अंदाज न खोडतां ठेविलेले आढळतील, त्यांच्या वह्या आम्ही प्रथम वाचूं.